मैनाबाईंचा बाराचा भोंगा

भोंगा वाजवण्याआधी मैनाबाई कुमरे चूळ भरायच्या. पाण्याचा गडवा घेऊन त्या नगरपंचायतीच्या गच्चीवर चढायच्या, दोन गुळण्या करायच्या, पदर खोचायच्या आणि मगच बटण दाबायच्या. मी समोरच्या शाळेत नवी रुजू झाले होते आणि वर्गाच्या खिडकीतून हे प्रकरण मला रोज दिसायचं. शेवटी न राहवून विचारलंच, की भोंगा तर यंत्र वाजवतं, मग गुळण्या तुम्ही कशाला करता? माझी कीव आल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "यंत्र नुसतं वरडते, मॅडम. आवाज माहा हाय."

भोंगा जुना होता. कुठल्याशा युद्धाच्या काळात, विमानं आली तर लोकांना सावध करावं म्हणून तो गावात बसवला होता. विमानं काही इतक्या आत आली नाहीत. लढाई संपली, भोंगा राहिला आणि रिकामं बसण्यापेक्षा रोज दुपारी बारा वाजल्याचं सांगू लागला. हे काम आधी मैनाबाईंच्या नवऱ्याकडे होतं. ते गेल्यावर त्यांच्या जागी या लागल्या. कागदोपत्री त्या शिपाई होत्या, पण झाडूपाण्याचा विषय निघाला की त्यांना कमी ऐकू यायचं. कुणी काम विचारलं तर मान ताठ करून सांगायच्या, "मी भोंग्यावर हाओ."

सूर घशातल्या घशात सुरू व्हायचा. मग हळूहळू चढत कौलांवरून, तुरीच्या शेतांवरून, नदीपलीकडच्या पळसांपर्यंत जायचा आणि तिथंच कुठंतरी झोपी जायचा. तो विझत असताना सगळं गाव क्षणभर थांबल्यासारखं वाटे. वर्गातली मुलं पेन्सिल तोंडात धरून बाहेर बघत बसत. मीही बघत असे आणि आपण काय शिकवत होतो ते नंतर फळ्यावर पाहून घेत असे. शेतात निंदणाऱ्या बाया तेवढ्यात विळे खाली ठेवून झाडाखाली भाकरी सोडायच्या. मालकानं कितीही डोळे वटारले तरी भोंग्यानंतर एक हात चालत नसे. याचा मैनाबाईंना भारी गर्व होता. "माह्या आवाजानं गाव जेवते," असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत.

आता बाराचा भोंगा बारालाच व्हायचा असं मुळीच नाही. खालून अंत्ययात्रा जात असली की तो थांबायचा. शेजारच्या घरातलं तान्हं नुकतंच झोपलं असलं तरी थांबायचा. एकदा तर कठड्यावर पारव्यांची जोडी बसली होती, ती उडेपर्यंत सगळं गाव उपाशी होतं. मी घड्याळ दाखवलं तर म्हणाल्या, "बारा कुठी पळून जाते का? मी वाजवल्याबिगर वाजत नाई ते."

वीज गेली की हाताने फिरवायचा दांड्याचा भोंगा बाहेर निघायचा, आणि वीज आमच्याकडे जायचीच. हात दमला की सूर खाली यायचा, जोर लावला की वर चढायचा. असा हेलकावे खाणारा सूर म्हणजे खरं तर धोक्याचा आणि सरळ एकसुरी म्हणजे धोका टळल्याचा. गच्चीवरच्या खोलीत भिंतीवर तसं रंगवलेलंही होतं. पण गावाला दोन्ही सूर जेवणाचेच वाटत आले होते.

मग एका पावसाळ्यात वरच्या धरणातून पाणी सोडल्याचा फोन आला. बारा केव्हाच वाजून गेले होते आणि मैनाबाईंचा भोंगा अजून व्हायचा होता. त्या दिवशी त्या कशासाठी थांबल्या होत्या, देव जाणे. वीज नव्हती. त्यांनी दांडा धरला आणि अंगात होता तेवढा जोर लावून भोंगा फिरवला. नदीकाठच्या वस्तीत त्यांची लेक सुनीता राहायची. वस्तीनं भोंगा ऐकला, आज मैनाबाईनं लईच उशीर केला म्हणून हसून घेतलं आणि ताटं वाढली. पाणी उंबऱ्यावर आलं तेव्हा सुनीताच्या हातात वरणाची वाटी होती.

जीव कुणाचा गेला नाही. पण सुनीता पाळण्यातलं लेकरू डोक्यावर धरून छातीभर पाण्यातून आली. शाळेच्या पायरीवर ती ओलीचिंब बसली होती आणि मी लेकराला माझ्या ओढणीत गुंडाळत होते, तेव्हा मैनाबाई धावत आल्या. लेक रागावली नाही, रडलीही नाही. तिनं आईकडे पाहिलं आणि साधंच सांगितलं, "आई, आमाले वाटलं तू जेवाले बलावून राह्यली."

मैनाबाई तिथंच भिंतीला टेकून खाली बसल्या. त्यानंतर कितीतरी दिवस त्या गच्चीवर फिरकल्या नाहीत. आल्या त्या थेट मुख्याधिकारी साहेबांच्या खोलीत गेल्या आणि बाराचा भोंगा बंद करा म्हणाल्या. साहेब हसले. नगरसेवकांनी गावाची जुनी रीत मोडायची नाही असं ठरवलं. तर मैनाबाईंनी वाजवायचंच सोडून दिलं. नोटीस आली, ती घडी घालून कमरेला खोचली. वाजवायला दुसऱ्या शिपायाला सांगून पाहिलं, पण त्या गच्चीवरच्या खोलीच्या दारात बसलेल्या पाहून तो जिन्यातूनच परत गेला.

खरा त्रास झाला तो निंदणाऱ्या बायांचा. भोंगा नाही म्हटल्यावर जेवणाची वेळ मालकाच्या मनगटावर गेली, आणि मालकाचं घड्याळ दुपारी हटकून मागे पडतं. बाया चिडून मैनाबाईंच्या घरी आल्या. त्यांत त्यांची सख्खी नणंद होती. आपल्याच माणसांच्या पोटावर पाय देतेस, असं ती म्हणाली. मैनाबाईंनी ऐकून घेतलं. "जेवाची येळ मालकाशी भांडून घ्या, बाई," त्या म्हणाल्या. "पाण्याशी भांडता येत नाई." नणंद पुढे बरेच दिवस त्यांच्याशी बोलली नाही. ज्या बाईनं आपल्या आवाजावर गाव जेवतं म्हणून मिरवावं, तिला गावानं बोल लावावेत, हे पाहताना मला वाईट वाटायचं.

त्या मात्र वस्तीत दारोदार फिरल्या. आता भोंगा वाजला तर तव्यावरची भाकर तशीच टाकून शाळेकडे यायचं, मैनीनं उशीर केला असं मनातही आणायचं नाही, असं प्रत्येकाकडून वदवून घेतलं. लहान पोरांकडूनसुद्धा.

मग बाराची वेळ नुसतीच येऊ लागली. ऊन गच्चीवर पसरायचं, पारवे घुमायचे, कुठंतरी पिठाची गिरणी चालायची आणि दुपार आवाज न करता पुढे सरकायची. मैनाबाई तरीही गडवा घेऊन वर जायच्या आणि कठड्याला टेकून उभ्या राहायच्या. एकदा मीही गेले. आम्ही दोघी नदीकडे बघत बसलो. त्या म्हणाल्या, "आयकू येते मले. न वाजवता बी." मला काही ऐकू आलं नाही, पण मी मान हलवली.

आता मोबाइलवर इशारे येतात. ते येतात तेव्हा फोन घरी चार्जिंगला असतो नाहीतर शेतात रेंज नसते. दोन वर्षांमागे पुन्हा पाणी सोडलं गेलं तेव्हा तसंच झालं. दुपारीच, ऐन जेवणाच्या वेळी, मैनाबाईंनी दांडा फिरवला. मी शाळेच्या फाटकात जाऊन उभी राहिले. रस्ता रिकामा दिसत होता. मग वळणावर पहिली बाई दिसली, हाताला पीठ तसंच. तिच्या मागे अर्धी दाढी केलेला एक माणूस, पोरं, शेळ्या, म्हातारीला पाठुंगळी घेतलेला एक जण. किती वाजले असं कुणी विचारलं नाही. मी गच्चीवर पळत गेले आणि सगळे आले म्हणून सांगितलं. त्यांचा विश्वास बसेना. कठड्यावरून वाकल्यावर सुनीता डोळ्यांनी दिसली, तेव्हाच त्यांनी दांडा सोडला. दोन्ही तळहात सोलले होते.

मागच्या हिवाळ्यात सेवाग्रामच्या दवाखान्यात त्या वारल्या. छातीचं दुखणं होतं. तिरडी नगरपंचायतीसमोर आली तेव्हा अध्यक्षांनी ती थांबवली. मैनाबाईंच्या मानासाठी एकदा भोंगा वाजवू या, असं ते म्हणाले, आणि सगळ्यांना ते पटलं. शिपाई जिना चढूही लागला. सुनीता पुढे आली.

"नोको, साहेब," ती म्हणाली. "वस्तीत बाळंतिणी हायेत, म्हातारे हायेत. उठून पळतीन."

शिपाई खाली उतरला. तिरडी गच्चीखालून पुढे निघाली आणि इतका वेळ धरून ठेवलेलं रडू मला फुटलं. त्यांचा आवाज शेवटचा एकदा ऐकावा असं फार वाटत होतं. पण नदीकाठची माणसं आमच्याबरोबर चालत होती, आणि त्यांची घरची मंडळी मागे चुलीपाशी बसली होती.