प्रबंध आणि धाकटीचं लग्न

तात्यांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला शब्द दिला होता. "तुझी ती पीएच्डी व्हईस्तवर लग्नाचं नाव काढनार न्हाय." इंदापूरजवळच्या आमच्या मळ्यात, केळीच्या बागेला पाणी सोडलेलं असताना, हातातलं खोरं खाली न ठेवता ते हे बोलले. मला वाटलं, सुटले. माझ्या वयाच्या गावातल्या मुलींच्या कडेवर तेव्हा पोरं होती. मी पुण्याला राहून एम.ए. झाले होते, बारामतीच्या मुलींच्या शाळेत मराठी शिकवत होते आणि शाळेमागच्या एका खोलीत एकटी राहत होते. तेवढ्यावरच भावकीत पुष्कळ बोललं जात होतं. पण पीएच.डी. हा शब्द कुणालाच नीट कळत नव्हता, त्यामुळे त्याच्यावर बोलता येत नव्हतं. त्या शब्दाच्या आडोशाला मी बसले.

पुण्याला विद्यापीठ निघून फार दिवस झाले नव्हते. एम.ए.ला मला शिकवणारे सर तिथे मार्गदर्शक होते. विषय त्यांनीच सुचवला: नीरा आणि भीमा या दोन नद्यांमधली बोली. म्हणाले, "बाई, तुमचं काम तुमच्या घरात आहे. याला अजून कुणी हात घातलेला नाही." त्या दिवशी परतताना दौंडपासूनची ती छोटी गाडी बारामतीला पोहोचेपर्यंत मी खिडकीशी बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांचं बोलणं ऐकत होते. एक म्हातारी सुनेला म्हणाली, "वाईच सरकून बस की." मी ते वाक्य मनात घोळवत राहिले. इतकी वर्षं ऐकलेलं, आणि मला ते हिऱ्यासारखं वाटलं.

पहिलं वर्ष खरंच आनंदाचं गेलं. सुट्टी लागली की मी घरी जायची आणि धाकट्या बहिणीला घेऊन गावोगाव फिरायची. ती माझ्याहून सात-आठ वर्षांनी लहान, चौथीनंतर शाळा सुटलेली, आणि तोंडानं भलती तिखट. आम्ही पळसदेवला भीमेच्या काठी गेलो होतो. घाटावर बायका धुणं धूत होत्या. मी वही काढली आणि बायका गप्प झाल्या.

"बोला की, मावशी," मी म्हटलं.

"आमी काय बोलावं, बाईसाहेब? तुमीच बोला. तुमी शिकल्याल्या."

मग बहीण पुढं झाली, पदर खोचून एकीच्या शेजारी बसली, तिच्या हातातलं लुगडं घेऊन आपटायला लागली आणि म्हणाली, "ही माझी थोरली भन. हिला आपलं बोलनं इसारलंय, म्हनून लिहून घ्याया आलीय." बायका हसल्या आणि मग थांबेचनात. संध्याकाळपर्यंत माझी वही भरली. बहिणीनं ते थट्टेनं म्हटलं होतं. मीही हसले. पण येताना बैलगाडीत मला ते वाक्य टोचत होतं.

कारण ते बरंचसं खरं होतं. शाळेत मी दिवसभर मुलींचं 'हाय' खोडून 'आहे' करत असे. मोठ्या बाईंची तशी सक्त ताकीद होती. "बाई, बारामतीच्या मुली म्हणून त्यांना पुण्यात कुणी हसता कामा नये." आणि शाळा सुटली की खोलीत बसून मी लिहीत असे, की 'हाय' हा अपभ्रंश नव्हे, त्याला स्वतःचा नियम आहे. सकाळी जे चूक ठरवायचं, तेच संध्याकाळी बरोबर म्हणून सिद्ध करायचं. घरी गेले की आणखी वेगळं. मी आईचं बोलणं टिपते हे आईला कळलं, तेव्हापासून ती माझ्याशी जपून बोलायला लागली. एकदा जेवायला वाढताना म्हणाली, "भाकरी आणखी घ्यायची आहे का?" मी म्हटलं, "आई, असं काय बोलतेस?" ती लाजली. "तू लिव्हतीस ना. म्हनलं, चांगलं लिव्हावं." त्यानंतर मी घरी वही नेली नाही. पण आईचं पहिलं बोलणं माझ्यापुरतं परत आलं नाही ते नाहीच.

सरांकडे मी महिन्यातून एका शनिवारी जायची. दुपारची शाळा आटोपून छोट्या गाडीनं दौंड, तिथून पुणे, रात्री मैत्रिणीकडे मुक्काम, आणि रविवारी सकाळी सरांच्या घरी. सर फार मृदू होते. कधी आवाज चढवला नाही. माझं प्रकरण पेन्सिलीनं वाचत, समासात बारीक अक्षरात प्रश्न लिहीत आणि शेवटी म्हणत, "छान. आता असं करा, याला सोलापूरच्या बाजूची तुलना जोडा." ती जोडली की म्हणत, "आता क्रियापदं वेगळी काढू." ती काढली की म्हणत, "जुन्या कागदपत्रांतली भाषा पाहिल्याशिवाय हे अपुरं वाटतं." एकदा मी धीर करून विचारलं, "सर, साधारण केव्हा देता येईल?"

"घाई काय आहे? तुम्ही बाई आहात, खेड्यातून आलेल्या आहात. तुमच्या प्रबंधात एक भोक सापडलं तर लोक दहा दाखवतील. मला ते होऊ द्यायचं नाही."

ते माझ्या भल्यासाठीच बोलत होते, आणि तिथेच माझी पंचाईत होती. रागवायला जागा नव्हती. सुरुवातीला हा उशीर मला सोयीचाही होता. प्रबंध चालू तोवर तात्यांचा शब्द चालू. पण पुढे पुढे सरांचं पेन्सिल उचलणं पाहिलं की मी पानावरची नजर काढून घ्यायची. लिहायला बसले की एक ओळ लिहायची आणि सर तिथे काय विचारतील ते मनात यायचं, की ओळ खोडायची. उन्हाळ्यातल्या दुपारी खोलीचं दार लावून मी नुसती भिंतीकडे बघत बसायची. सोडावं म्हटलं तर लग्न. पुरं करावं म्हटलं तर होत नव्हतं, आणि झालं तरी पुढे लग्नच. कुणापाशी बोलणार? शाळेतल्या बायकांना वाटे, हिला किती मोकळीक.

तशात बहिणीला बारामतीजवळच्या पणदऱ्याचं स्थळ आलं. घर चांगलं, बागायती, मुलगा मनमिळाऊ. एका लग्नात दोघांनी एकमेकांना पाहिलं होतं आणि तिला तो आवडला होता, हे तिनं मला कानात सांगितलं होतं. पण आमच्यात थोरली बसलेली असताना धाकटीला उजवत नसत. तात्यांनी पणदऱ्याला निरोप धाडला, वर्षभर थांबा. ते थांबले. वर्ष सरलं, आणखी एक प्रकरण वाढलं. त्यांनी पुन्हा विचारलं.

तेव्हा तात्या म्हणाले, "मी येतो तुझ्यासंगं पुन्याला. तुझ्या सरांस्नी इचारतो, पोरगी कवा मोकळी व्हनार."

मला किती हायसं वाटलं! मी जे बोलू शकत नव्हते ते तात्या बोलणार होते. धुतलेलं धोतर, कोट, फेटा, बरोबर केळीचा घड आणि गुळाची ढेप घेऊन ते सरांच्या दिवाणखान्यात खुर्चीच्या अगदी कडेवर बसले. भिंतभर पुस्तकं होती. तात्यांनी ती एकदा वरपासून खालपर्यंत पाहिली, आणि मला कळलं, गेलं.

सर म्हणाले, "तुमची मुलगी फार हुशार आहे. तिच्या हातून होणारं काम पन्नास वर्षं टिकेल. फक्त घाई करू नये असं मला वाटतं."

"न्हाय न्हाय," तात्यांनी हात जोडले. "घाई कशाला? तुमी म्हनाल तसं."

"आणखी दोनेक वर्षं दिली तर..."

"द्या की, सर. पोरगी तुमच्याच पदरात हाय."

सरांच्या पत्नीनं चहा आणला. दोघांनी माझ्या दोन वर्षांवर चहा घेतला. मी तिथेच, हाताच्या अंतरावर, बशी धरून बसले होते. मला कुणी विचारलं नाही आणि मीही तोंड उघडलं नाही. परतीच्या गाडीत तात्या खुशीत होते. "लई मोठा मानूस. मला म्हनले, पन्नास वर्सं टिकंल." समोरच्या उतारूला त्यांनी ते दोनदा सांगितलं. मी खिडकीबाहेर बघत होते.

"आणि पणदऱ्याचं?" मी विचारलं.

तात्यांचा चेहरा उतरला. "बगू," म्हणाले.

पंधरवड्यानंतर भर दुपारी शाळेच्या फाटकात माझी बहीण उभी. एस.टी.नं एकटी आली होती. आयुष्यात पहिल्यांदा ती एकटी गाडीत बसली होती. चेहरा धुळीनं भरलेला, पण मान ताठ. मी तिला खोलीवर आणलं, पाणी दिलं. ती पाणी प्यायली नाही.

"अक्का, तू लगीन करनार हायस का?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न मला सरळ कुणी विचारलाच नव्हता. सगळे विचारत ते, केव्हा करणार.

"न्हाय," मी म्हटलं. माझ्या तोंडून 'नाही' गेलं नाही, 'न्हाय' गेलं.

"मंग त्ये तात्यांस्नी सांग की! तुझी पीएच्डी संपंना, म्हनून तुझं न्हाय. तुझं न्हाय, म्हनून माझं न्हाय. पणदऱ्याचं लोक किती थांबत्याल? तू हितं कोंडून घेतलंयस त्ये तुझ्या मर्जीनं. मला का कोंडतीस?"

"मर्जीनं नाही गं," मी म्हणाले, आणि रडायला लागले. तिला हे अपेक्षित नव्हतं. ती उठून माझ्याजवळ आली. मी तिला सगळं सांगितलं: सरांची पेन्सिल, खोडलेल्या ओळी, दार लावून काढलेल्या दुपारी. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पर तुझं लिहून झालंय का न्हाय?"

मी विचार केला. "झालंय," मी म्हटलं. "दोन वर्षांपूर्वीच झालंय."

"मंग चल."

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी तिच्याबरोबर घरी गेले. तात्या गोठ्यात होते. मी आत जाऊन म्हटलं, "तात्या, मला लग्न करायचं न्हाय. आता न्हाय आणि पीएच्डी झाल्यावरबी न्हाय. धाकटीचं करा."

ते म्हशीच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले. मग म्हणाले, "लोक मला इचारत्याल, थोरलीत काय खोट हाय."

"विचारू देत."

"तुला सोपं हाय. तू बारामतीत ऱ्हातीस. हितं मी ऱ्हातो."

ते बाहेर निघून गेले. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी आईनं सांगितलं, "पणदऱ्याला गेल्यात. सुपारी फोडायचं ठरवाया."

लग्नात मला लोकांनी टोमणे मारायचे तेवढे मारले. तात्यांनाही मारले असतील. त्यांनी कधी सांगितलं नाही. पाठवणीच्या वेळी बहीण माझ्या गळ्यात पडली आणि कानात म्हणाली, "आता तुजी पाळी."

मी सरांकडे गेले. या खेपेला नवं प्रकरण नेलं नाही. म्हटलं, "सर, मला हे आहे तसं द्यायचं आहे." त्यांनी हातातली पेन्सिल खाली ठेवली. "तुम्ही चूक करता आहात," म्हणाले. "माझी सही मिळेल. पण मी समाधानी नाही, हे ध्यानात असू द्या." मी होय म्हटलं. मी जिना उतरले. ज्या माणसानं मला माझी भाषा दाखवली, त्याला दुखवून मी चालले होते, आणि तरी मला मागे फिरावंसं वाटत नव्हतं.

प्रबंध टाइप करून घेतला. मराठी यंत्रावर उच्चारांच्या खुणा नव्हत्या, त्या मी प्रत्येक प्रतीत शाईनं हातानं घातल्या. माहेरी आलेली बहीण शेजारी बसून पानं वाळवत होती. मध्येच एक वाक्य मोठ्यानं वाचून हसली. "आगं, ह्ये तर मी बोललेली!"

परीक्षकांपैकी एकानं प्रबंध परत पाठवला. एक प्रकरण पुन्हा लिहा म्हणून. सरांचीच शंका त्यांनी बोलून दाखवली होती. सर मला काही बोलले नाहीत, आणि ते न बोलणं मला अधिक लागलं. पुन्हा तीच खोली, तेच बंद दार, तीच भिंत. एक अख्खा पावसाळा मी त्या प्रकरणाशी झुंजले. यावेळी मात्र ओळी खोडल्या नाहीत. वाईट लिहिली तरी ठेवली, नंतर सुधारली. दुसऱ्यांदा प्रबंध मान्य झाला. तोंडी परीक्षेत मला विचारलं, "तुम्ही स्वतः ही बोली बोलता का?" मी म्हटलं, "घरी बोलते." बोलते का, हे मलाही तेव्हा नीट ठाऊक नव्हतं. सर शेजारी बसले होते. बाहेर आल्यावर म्हणाले, "पुन्हा लिहिलेलं प्रकरण पहिल्यापेक्षा बरं झालं." त्यांच्या तोंडून एवढं म्हणजे पुष्कळ होतं. मी वाकून नमस्कार केला.

मला वाटलं होतं, पीएच.डी. झाली त्या दिवशी मी आनंदानं वेडी होईन. तसं काही झालं नाही. पुणे ते दौंड नुसती रिकामी बसून आले. दौंडला उतरल्यावर दोन बशा भजी खाल्ली, बायकांच्या प्रतीक्षालयात बाकावर आडवी झाले आणि अशी झोपले की बारामतीची गाडी कधी सुटली ते कळलंच नाही.

परीक्षेचा दिवस मी घरी पत्रानं कळवला होता. पुढच्या गाडीनं बारामतीला पोहोचले तर फलाटावर तात्या आणि बहीण. तिच्या कडेवर पोर, तात्यांच्या हातात झेंडूचा हार, उन्हानं सुकलेला.

"कुठं ऱ्हायलीस गं?" बहीण ओरडली. "आमी मघापासनं हितं उभं!"

"झोपले होते."

"झोपलीवतीस?" तात्या म्हणाले, आणि त्यांना हसू आवरेना. हसता हसता त्यांनी तो हार माझ्या गळ्यात घातला, आणि आम्ही तिघं, पोर धरून चौघं, टांग्याकडे चालायला लागलो.