दुसऱ्याचा हात

दादा गेला त्या दिवशी जीप पोर्चमध्ये स्टँडवर होती. पुढचं उजवं चाक काढलेलं होतं. डावं बसवलेलं होतं. दुपारी वहिनींचा फोन आला. हात धुऊन दादा पायरीवर बसला होता, तो पुन्हा उठलाच नाही.

मी संध्याकाळी येणार असं ठरलेलं होतं. दर वेळी पुढच्या चाकांची बेअरिंगं बदलायची असली की दादा मला बोलवायचा. मी कॉलेजात मराठी शिकवतो, मला पान्यांची नावं येत नाहीत, आणि तो मला यावरून चिडवायचाही. पण माझ्याशिवाय ते काम तो पुरं करत नसे.

पुंडलिकनगरमधल्या आमच्या गल्लीत दादाची ओळख बेधडक माणूस अशी होती. फोर व्हील ड्राइव्हची जुनी जीप, तिचं सगळं काम घरच्या घरी. लोक म्हणायचे, याला कशाचं भय नाही. मला मात्र माहीत होतं... तो जीप उघडायचा तो भीतीपोटीच. पूर्वी एकदा ही बेअरिंगं त्याने बाहेरच्या गॅरेजात बदलून घेतली होती. करमाडहून, म्हणजे वहिनींच्या माहेरून परतताना, शेंद्र्याच्या अलीकडे पुढून घरघर येऊ लागली आणि बघता बघता चाक डुलायला लागलं. मांडीवर लेक घेऊन वहिनी शेजारी बसलेल्या. दादाने जीप कशीबशी कडेच्या शेतात उतरवली. कुणाला खरचटलंही नाही. पण त्यानंतर चाकाचा नट त्याने दुसऱ्या कुणावर सोडला नाही.

आणि स्वतःवरही सोडला नाही. हे मला फार उशिरा उमगलं. नट जास्त आवळला तर बेअरिंग तापून जळतं, सैल राहिला तर चाक डुलतं. मधली जागा हातालाच कळते. ती सापडली की नटाखालच्या वॉशरची पत्र्याची पट्टी नटावर दुमडायची, म्हणजे नट फिरत नाही. दादा ती पट्टी दुमडण्याआधी थांबायचा. मला म्हणायचा, ‘‘मास्तर, धरा वरून-खालून, हलवा.’’ मी चाक हलवायचो. जरा जरी डुललं तरी पुन्हा पहिल्यापासून.

एकदा मी विचारलं, मला यातलं काय कळतं? तर तो ग्रीसने माखलेले हात पुसत म्हणाला, ‘‘कळत नाय म्हणूनच तर तू. आपण आवळलं की आपल्याला घट्टच लागतं रे. दुसऱ्याचा हात लागतो.’’ आणि त्याने मला पुन्हा चाक धरायला लावलं. 

तेराव्यानंतर वहिनींचा भाऊ किसन आला. त्याचं म्हणणं सरळ होतं. डावं चाक दाजींनी केलेलंच आहे, उजवं तो बसवेल आणि जीप करमाडला नेईल. इथे नुसती गंजून जाईल. वहिनींनी जीप द्यायला नकार दिला. त्यांना ती स्वतः चालवायची होती. त्यांची आई तिकडे अंथरुणाला खिळलेली, आणि एस. टी.ची वाट बघत बसणं त्यांच्या स्वभावात नाही.

किसनने उजवं चाक नीट बसवलं. मी हलवलं, डुललं नाही. पट्टी दुमडली. मग वहिनी डाव्या चाकापाशी जाऊन उभ्या राहिल्या.

‘‘हे बी उघड.’’

‘‘ताई, दाजींच्या हातचं शेवटचं काम हाय ते,’’ किसन म्हणाला. ‘‘त्याला कशाला पाना लावायचा?’’

मलाही तेच वाटत होतं. ते उघडणं म्हणजे गेलेल्या माणसावर संशय घेणं. आणि न उघडता वहिनींना त्या रस्त्यावर जाऊ द्यायचं... त्यालाही मन धजेना.

‘‘ते असते तर त्यांनीच उघडाय लावलं असतं,’’ वहिनी म्हणाल्या. ‘‘उघड तू.’’

चाकाच्या मध्यावरचं झाकण दोनच बोल्टांवर होतं. बाकीचे बोल्ट आत, ग्रीसमध्ये ठेवलेले निघाले. किसनने झाकण काढलं आणि तो बाजूला सरकला. मी वाकून पाहिलं. नट बसवलेला होता. पट्टी सरळच होती, दुमडलेली नव्हती. धूळ जाऊ नये म्हणून दादाने वरून झाकण ठेवलं होतं, आणि तो संध्याकाळची वाट पाहत होता.

तशीच जीप नेली असती तर शेंद्र्यापर्यंत तो नट किती फिरला असता, हा विचार मी आजही पुरा करू शकत नाही. वहिनी खाली बसल्या, पदर तोंडाला लावून. मग म्हणाल्या, ‘‘भाऊजी, बघा की हलवून. तुमच्यासाठीच ठेवलंय.’’

मी वरून-खालून धरलं. हलवलं. चाक डुललं नाही. तरी पुन्हा हलवलं. मग छिन्नी घेऊन ती पट्टी मीच दुमडली, वाकडीतिकडी.

आता रविवारी वहिनी जीप करमाडला नेतात. मी शेजारी बसतो. आम्ही फारसं बोलत नाही, पुढच्या चाकांचा आवाज ऐकत जातो.