कोपऱ्यातली जाळी

आई गेल्यावर चार महिन्यांनी, मेच्या उन्हात, माझ्या लक्षात आलं की गाडी आता सिग्नलला गप्प बसत नाही.

आमची गाडी हायब्रिड, जुनी, दुसऱ्या मालकाकडून घेतलेली. पेट्रोलच्या इंजिनाशिवाय तिच्या मागच्या सीटखाली एक मोठी बॅटरी आहे. गाडी थांबली की इंजिन आपोआप बंद होतं आणि निघताना ती बॅटरीवर हळूच सरकते. आई पहिल्यांदा बसली तेव्हा गोरेगावच्या सिग्नलला ओरडलीच, "बंद पडली गो! उतर, ढकलूक व्हयी." नंतर तीच शेजारणींना कौतुकाने सांगायची, "आमची गाडी सिग्नलाक डुलकी काढता."

त्या शांततेत आम्ही बोलायचो. दोन वर्षं, आठवड्यातून तीन दिवस, बोरिवलीहून अंधेरीला तिच्या डायलिसिससाठी जायचं. घरात आमचं बोलणं फारसं नव्हतंच. मी पुस्तकात, ती टीव्हीसमोर. गाडीत मात्र ती मागे आडवी आणि मी आरशात. जाताना ती गावातल्या जुन्या भांडणांच्या गोष्टी सांगायची, प्रत्येकाचा आवाज काढून. येताना गळून गेलेली असायची. मग इंजिन थांबलं की तिचा श्वास ऐकू यायचा, आणि सिग्नल इतक्यात सुटू नये असं मला वाटायचं.

आता इंजिन चालूच राहत होतं. पूर्वी बावीसचं अ‍ॅव्हरेज देणारी गाडी पंधरावर आली होती. ते कधीपासून घसरत गेलं, सांगता येणार नाही. आई असताना त्या आकड्याकडे मी पाहिलंच नव्हतं. पंपावर टायरची हवा तपासून घेतली. एअर फिल्टर बदलला. ब्रेक चाकाला धरून राहतायत का, तेही बघून घेतलं. आकडा हलला नाही. शेवटी दादाला फोन केला.

"बॅटरी गेली असणार," तो म्हणाला. "देऊन टाक ना आता. तुला एकटीला कशाला हवी ती?"

त्याचं काही चुकत नव्हतं. पण आई माझ्याशी जिथे बोलली अशी जागा ती एकच होती. हे फोनवर सांगता येईना. "बघते," म्हटलं आणि ठेवला.

दहिसरला अशा गाड्यांचं काम करणारा एक मेकॅनिक आहे असं कळलं. पन्नाशीचा गृहस्थ, चष्मा कपाळावर चढवलेला. त्याने लॅपटॉप जोडला आणि बराच वेळ पाहत राहिला.

"ताई, बॅटरी तापतेय. तापली की गाडी तिच्यावर भार टाकत नाही, सगळं इंजिनच ओढतं. मागे सामानबिमान ठेवता का?"

"नाही. काहीच नाही."

त्याने मागचं दार उघडलं. सीटवर आईची सोलापुरी चादर होती, तिने शेवटची अंगावरून सारली तशीच. ती मी हलवली नव्हती. सीटच्या कोपऱ्यात, दाराजवळ, प्लास्टिकची एक जाळी आहे. चादरीचं टोक घडी करून त्या जाळीवर ठासून बसवलेलं होतं.

"हे कुणाचं काम?"

"माझं."

"झकास! अहो, बॅटरीचा पंखा इथूनच हवा ओढतो. तुम्ही तिचं नाकच दाबून ठेवलंत."

आदल्या ऑक्टोबरात, परतताना, आई म्हणाली होती, "हंय कोण कण्हता गो? माका झोप येणा नाय." मलाही तो बारीक आवाज ऐकू आला होता. जुनी गाडी, कुरकुरायचीच, असं म्हणून मी चादरीचं टोक तिथे दाबलं. आवाज थांबला. "आता बरा," ती म्हणाली आणि झोपली. मला केवढं समाधान वाटलं होतं.

डायलिसिस सुरू होण्याआधी तिचे पाय सुजायला लागले तेव्हा मी तिला एक नंबर मोठ्या चपला आणून दिल्या होत्या. त्या घालूनही ती हेच म्हणाली होती, "आता बरा." सहा महिने त्याच घालून हिंडली. नंतर डॉक्टर म्हणाले, सूज किडनीची होती, यांना आधी आणायला हवं होतं.

मेकॅनिकने जाळी काढून आतला फिल्टर बाहेर ओढला. त्यावर राखाडी लव दाट बसली होती, चादरीची, आणि तिच्यात गुंतलेले लांब पांढरे केस. तो फिल्टर डब्यावर आपटणार इतक्यात मी म्हणाले, "थांबा."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग चादरीकडे. चष्मा डोळ्यांवर घेतला, तो थर बोटांनी अलगद सोडवून वर्तमानपत्राच्या तुकड्यावर ठेवला आणि पुडी बांधून दिली. पुढचा तासभर तो फक्त कामाचंच बोलला.

"अगदीच गेलेली नाही," पंखा साफ करून बसवल्यावर तो म्हणाला. "थोडी खचलीय, पण काढेल अजून वर्षभर. चादर मात्र तिथे नको. आणि पंख्याचा आवाज येईल, तो येऊ द्या."

चादर घडी करून मी शेजारच्या सीटवर ठेवली, पुडी तिच्या घडीत. नॅशनल पार्कच्या सिग्नलला इंजिन बंद झालं. थोड्या वेळाने मागच्या कोपऱ्यात पंखा कण्हायला लागला. माझा हात चादरीकडे गेला. तो मी तिथेच ठेवला, आणि सिग्नल सुटेपर्यंत ते ऐकत राहिले.