शेवटच्या आंघोळीची लाज

"याला फायमोसिस म्हणतात," सौंसरच्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले. म्हणजे लिंगाच्या तोंडावरची कातडी आवळून जाते, मागे सरकत नाही. आमच्या ह्यांना लघवीला आग व्हायची, धार बारीक झाली होती. मुळात साखरेचा आजार, त्यातून जखमा, त्यातून हे. ह्यांनी मान खालीच घातली. डॉक्टरांसमोर सगळं मलाच बोलावं लागलं, करता काय!

डॉक्टरांनी लगेच कापा म्हटलं नाही, हेही सांगते. कोमट पाण्यानं धुवा, मलम लावा, कातडी हळूहळू सैल करत जा, गोड बंद करा. कित्येकांचं एवढ्यावर भागतं म्हणाले. ह्यांचंही काही महिने भागलं. मग कातडी पांढरी, चिवट झाली, चिरा पडल्या.

"आता मलमाचं काम संपलं," डॉक्टर म्हणाले. "सर्कमसिजन करा. पुढची कातडी काढून टाके घालतात. नागपूरला जा, उशीर करू नका. आत काय चाललंय ते दिसत नाही."

हे दवाखान्याच्या दारातच थांबले. "सुंता? मी का मुसलमान होऊन राहिलो का?"

"कापल्यानं कोणी मुसलमान होते का? जीव वाचते ना!"

"तुले नाही समजत. मेल्यावर भाऊबंद आंघोळ घालतीन. तवा पाहतीन ना!"

घ्या! माणसाला मरणाची भीती नाही, मेल्यानंतरच्या आंघोळीची भीती.

ह्यांचे जुने दोस्त रहीमभाई, गाद्यांचा कापूस पिंजणारे. मी त्यांनाच घरी बोलावलं. ते म्हणाले, "भाऊ, आमच्यात हे धर्माचं हाय, तुमच्यात इलाजाचं. आमच्यातही जिवाले धोका असला त मौलाना सुंतेले थांबा म्हनते. जीव पयले." मंदिरातल्या महाराजांना विचारलं, तेही म्हणाले, औषधाला कुठलं पाप? दोन्ही धर्मांचं एकमत झालं, आमचा माणूस काही ऐकेना.

"संत्र्याची वाळली फांदी दरसाल कापता, नाहीतर झाड जाते म्हणता," मी चिडून म्हटलं.

"झाडाले जात नसते," म्हणाले, आणि मलमाची ट्यूब उशीखाली सारली.

रक्त यायला लागलं तेव्हा नागपूरच्या बसमध्ये बसले. तिथं बायोप्सी झाली, म्हणजे मांसाचा तुकडा काढून तपासला. रिपोर्टची वाट पाहत आम्ही बाकावर बसलो होतो. कॅन्सर निघाला. जांघेतल्या गाठींपर्यंत गेला होता. "आधी आले असते तर बहुतेक कातडीवरच निभावलं असतं," तिथले डॉक्टर म्हणाले. मग कातडीपेक्षा कितीतरी जास्त कापावं लागलं. तरी आजार थांबला नाही. मला राग ह्यांचा आला, देवाचा आला, आणि रडूही आलं.

ज्यांच्या घरी हे दुखणं असेल त्यांना हात जोडून सांगते. मलमानं बरं होत असेल तर चांगलंच, उगीच कापू नका. पण डॉक्टर आता कापा म्हणाले, तर लाजेपायी थांबू नका.

संत्री उतरायच्या दिवसांत हे गेले. अंगणात पाट मांडला. मी दारात उभी राहून पाहत होते. भासऱ्यांनी, म्हणजे ह्यांच्या थोरल्या भावानं, नेसत्या धोतरावरूनच पाणी घातलं. वरून कोरं कापड गुंडाळलं आणि आतलं ओलं धोतर अलगद ओढून काढलं. आमच्यात आंघोळ अशीच घालतात. ह्यांनी स्वतः आपल्या बापाला अशीच घातली होती.

कोणीच काही पाहिलं नाही हो.