पदरची एक ओळ

एक कागद लिहून झाला की ते टाकाची निब उजव्या कानामागच्या केसांना पुसायचे आणि माझ्या टेबलाकडे बघून म्हणायचे, "बाई, रुजवातीले बसता का?"

रुजवात म्हणजे मूळ कागद मी मोठ्यानं वाचायचा आणि त्यांनी आपण केलेल्या नकलेवर ओळीखाली बोट सरकवत जायचं. शब्दाला शब्द जुळला की ते खाली 'खरी नक्कल' असं लिहून सही करत. ते आमच्या कचेरीत नकलनवीस होते, मी टायपिस्ट. जमिनीचे जुने, पिवळे पडलेले, हात लावला की तुकडा पडेल असे कागद त्यांच्या हाताखालून जायचे. वर्षानुवर्षं केसांना निब पुसून त्यांच्या कानामागे एक निळा पट्टा पडला होता. बाकी डोकं पांढरं आणि तेवढाच भाग शाईचा. सगळे त्यांना काका म्हणत, मीही म्हणे.

तुमच्याही ऑफिसात असा एखादा माणूस असेलच. कामात वाघ आणि बाकी जगात ओ की ठो नाही.

त्यांचं एकच तत्त्व होतं. "पदरचं काही घालाचं नाई." मूळ कागदात चूक असली तर नकलेत चूक. एकदा कुण्या जुन्या कारकुनानं मधेच शाई सांडून ठेवली होती. काकांनी नकलेत बरोबर त्या जागी कंस करून लिहिलं, 'येथे मुळात डाग आहे'. मी हसले तर चार दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत. माझ्या आईनं एकदा त्यांच्याकडे गोळाभाताची कृती मागितली. त्यांच्या बायकोनं, ती जिवंत असताना, लेकीला लिहून दिलेली होती. दोन दिवसांनी कृती आली, खाली 'खरी नक्कल', सही. आईनं विचारलं, यात मीठ अंदाजे लिहिलंय, अंदाजे म्हणजे किती हो? काका गंभीरपणे म्हणाले की मुळातच अंदाजे आहे, त्याला मी काय करू.

असा माणूस. मला त्यांचा राग यायचा, खोटं कशाला बोलू. मी मशीनवर जे पाच मिनिटांत उतरवीन त्याला ते सकाळ लावायचे.

ते मूळचे केळझरकडचे. भाऊ तिकडे शेती करत आणि हे एकटे शिकून नोकरीला लागले. सिंदी मेघ्यात आमच्याच गल्लीत दोन खोल्यांत राहायचे. बायको वारली, एकुलती लेक लग्न होऊन भिलाईला गेली. जावई तिथल्या कारखान्यात. त्याला सुटी मिळेल तेव्हा लेकीचं येणं, म्हणजे दोन वर्षांतून एकदा, तेही दिवाळीला. एरवी सायकलवर कचेरी आणि सायकलवर घर. संध्याकाळी कधी त्यांच्या घरावरून गेलं तर दिवा लागलेला असायचा, पण आवाज म्हणून नसायचा. भांडं पडल्याचासुद्धा नाही.

ज्या दिवाळीबद्दल मी सांगतेय तेव्हा टीव्ही अजून मोजक्या घरांत होता. काकांची लेक आली होती आणि सोबत नात, मंजू, सात वर्षांची, दोन दात पडलेली. भिलाईच्या शाळेत जाते म्हणून अर्धं हिंदी, अर्धं मराठी बोलायची. त्या आठ-दहा दिवसांत आमच्या गल्लीला कळलं की काकांना आवाज आहे. त्यांनी अंगणात मंजूचे फ्रॉक वाळत घालायला एक बुटकी दोरी बांधली, तिचा हात पोचेल अशी. स्वतः मात्र दर वेळी कमरेतून वाकून तिच्याखालून जायचे.

सुटीच्या शेवटच्या रविवारी गावातल्या टॉकीजला बारा वाजता मुलांसाठी एक चित्रांचा सिनेमा लागला होता. चित्रंच, पण हलणारी, बोलणारी. मी बहिणीच्या पोरांना घेऊन गेले. आत अंधारात बसले आणि पुढच्या रांगेत पडद्याच्या उजेडात निळा पट्टा दिसला. मला वाटलं, भास. पण काकाच होते. मांडीवर मंजू, शेजारी लेक.

सिनेमा इंग्रजी होता, त्यामुळे कुणालाच काही कळत नव्हतं आणि त्यानं कुणाचं काही अडत नव्हतं. एक चष्मेवाला, किडकिडीत घड्याळजी. दिवसभर दुकानात मान खाली घालून घड्याळं दुरुस्त करतो. कुठं संकट आलं की तोच पिवळा झगा घालून आभाळात उडतो, आगगाड्या अडवतो, इमारती उचलतो. एकदा उडता उडता तो थेट पाण्याच्या टाकीत पडला, तेव्हा काका असे हसले की त्यांच्या पुढच्या रांगेतली पोरं मागं वळून बघायला लागली. हा माणूस खुर्चीच्या दांड्यावर थाप मारून हसू शकतो हे मी नोकरी लागल्यापासून पहिल्यांदा बघत होते. नातीपेक्षा आजोबालाच सिनेमा चढला होता.

आणि मग शेवटाकडे, दुष्ट माणसानं नदीवरच्या पुलाचे खांब उडवले. पलीकडून माणसांनी भरलेली गाडी येते आहे. पिवळा माणूस पुलाखाली गेला आणि त्यानं पूल दोन्ही खांद्यांवर घेतला. गुडघे थरथरताहेत, गाडी जवळ येते आहे, टॉकीजमध्ये चिडीचूप. तेवढ्यात काकांनी मनगट डोळ्यांजवळ नेऊन घड्याळ बघितलं.

"चाला. गाडीची येळ झाली."

त्यांची भिलाईकडची गाडी तीनची. आमच्या गावात टॉकीजपासून स्टेशन किती लांब असणार? पण काका गाडीच्या दीड तास आधी फलाटावर जाणाऱ्यांपैकी. लेक म्हणाली, बाबा, दहाच मिनिटं. मंजूनं खुर्चीचा दांडा पकडला. काकांनी तिची बोटं एकेक करून सोडवली आणि रडत्या पोरीला उचलून बाहेर नेलं. मला दारातला उजेड दिसला आणि मिटला.

त्या दिवशी गाडी दोन तास उशिरा आली.

हे मला त्यांनी स्वतः सांगितलं, दुसऱ्या दिवशी, कचेरीत. साडेतीन तास मंजू फलाटावर त्यांच्याकडे पाठ करून बसली होती. चिवडा दिला, घेतला नाही. गाडी हलली तेव्हा लेकीनं हात हलवला, मंजूनं नाही. तोंड दुसऱ्या खिडकीकडे करून बसली. आता पुन्हा भेट दोन वर्षांनी.

मी म्हटलं, एवढंच ना, मी शेवट पाहिलाय, सांगते, तुम्ही तिला पत्रात लिहा. काकांनी हात वर करून मला थांबवलं. "सांगू नका. ऐकीव चालत नाई. मूळ पाह्यल्याबिगर मी लिहून देत नाई."

घ्या! चित्रांचा सिनेमा, सात वर्षांची पोर, आणि ह्यांना मूळ कागद पाहिजे. मी कपाळावर हात मारून घेतला.

ते संध्याकाळी टॉकीजवर गेले तर सिनेमा बदललेला. सिनेमाच्या रिळांची पेटी हिंगणघाटला गेली असं कळलं. मग ज्या माणसानं बायकोच्या तेराव्यानंतर एक दिवस रजा घेतली नव्हती त्यानं किरकोळ रजेचा अर्ज दिला. कारणाच्या रकान्यात काय लिहिलं असेल? 'सिनेमा पाहणे'. खोटं कारण लिहिणं म्हणजे पुन्हा पदरचं घालणं. साहेबांनी अर्ज दोनदा वाचला आणि सही केली.

काका एस.टी.नं हिंगणघाटला गेले आणि तसेच परत आले. दिवाळीच्या सुट्या संपून शाळा भरल्या होत्या. दुपारच्या खेळाला तीन माणसं आली, त्यात एक हे. मालकानं खेळ रद्द केला. पेटी तिथून पुढं कुठं जाणार ते त्यालाही सांगता येईना.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना मुद्दाम काही विचारलं नाही. मला तरी कुठं करमत होतं? बहीण पोरांना घेऊन गेली होती आणि आमचंही घर खायला उठलं होतं. सुट्या संपल्या की सगळं जागच्या जागी येतं म्हणतात. येतं खरं. रांगोळीचे डबे फळीवर जातात, गाद्या माळ्यावर जातात. पण आपण मात्र चार दिवस या खोलीतून त्या खोलीत उगाच फिरत असतो. आईनं दिलेली करंजी द्यायला मी काकांकडे गेले तर ते घरात एकटे होते आणि अंगणातल्या त्या बुटक्या दोरीखालून वाकून बाहेर आले. दोरीवर एकही कपडा नव्हता. मी म्हटलं, काका, सोडा की आता ती दोरी, कंबर मोडेल. म्हणाले, राहू द्या, कुठं अडते! मग करंजीचा डबा हातात धरून तसेच उभे राहिले.

"बाई," ते म्हणाले, "सांगा मले. काय झालं शेवटी?"

मी सगळं सांगितलं. गाडी सुखरूप पार झाली. माणसांनी खिडक्यांतून हात हलवले. मग पिवळ्या माणसानं पूल हळूच खाली ठेवला, झगा झटकला आणि तो उडाला. डोंगरापलीकडे, लहान लहान होत गेला. गावातली पोरं वर बघत राहिली आणि सिनेमा संपला.

"तो जाते?"

"जातो."

"कुठं?"

"ते दाखवलं नाही."

त्यांनी गाडीला डबे किती होते, इंजिन कोणत्या रंगाचं होतं ते विचारून घेतलं. पण मला उगाच वाटत राहिलं की आपण काहीतरी वाईट बातमी दिली.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुटीत ते माझ्या टेबलाशी आले. आंतर्देशीय पत्र होतं, त्यांच्या मोत्यासारख्या अक्षरानं काठोकाठ भरलेलं. रुजवातीला बसा म्हणाले. या खेपेला मूळ माझ्या डोक्यात होतं, म्हणून त्यांनी वाचायचं आणि मी ताडून बघायचं.

मी तोंडाला पदर लावून ऐकत होते. सगळी कचेरीची भाषा. 'सदर पिवळ्या इसमाने पूल दोन्ही खांद्यांवर पेलून धरला. गाडीस एकूण सात डबे होते. उपरोक्त गाडी पुलावरून सुखरूप पार झाली व आतील लोकांनी हात हलविले.' इथवर शब्दाला शब्द बरोबर होता. मग त्यांनी पुढची ओळ वाचली.

'सदर इसम मात्र तेथून गेला नाही. गाडी परत यावयाची आहे, म्हणून तो अद्याप पुलाखालीच उभा आहे.'

"काका, हे नव्हतं," मी म्हटलं.

"नव्हतं." त्यांनी कोरडी निब कानामागे पुसली. "हे पदरचं हाये." मग पत्राकडे बघत म्हणाले, "जाताना पोरीनं हातबी नाई हालवला, बाई. तिले कसं लिहू, का तो निघून गेला म्हणून?"

पत्राखाली 'खरी नक्कल' नव्हतं. नुसतं 'तुझा आजा' होतं. मी मान खाली घालून मशीनमध्ये कागद चढवला, कारण मला दिसेनासं झालं होतं.

तीन आठवड्यांनी पोस्टकार्ड आलं. मोठी मोठी वाकडी अक्षरं. 'आजोबा, उसको बोलना बीच में थोड़ा बैठ जाए. हम गर्मी में आएँगे.' काकांनी ते साहेबांपासून पट्टेवाल्यापर्यंत सगळ्यांना दाखवलं आणि सदऱ्याच्या खिशात ठेवलं. रोज सदरा बदलला की कार्ड त्या खिशातून या खिशात. शेवटी ते कापडासारखं मऊ झालं होतं.

उन्हाळ्यात ती आली नाहीत. जावयाची रजा नामंजूर झाली. पुढच्या दिवाळीला त्याच्या घरी लग्न निघालं. त्याच्या पुढच्या वेळी मंजूला गोवर. दर वेळी पत्र यायचं, काका दोनदा वाचायचे आणि म्हणायचे, "येतीन." मग निवृत्त झाले. आम्ही त्यांना शाईचं चांगलं पेन दिलं, तर त्याचीही निब त्यांनी सवयीनं केसांना पुसली. सगळे हसले, तेही हसले. त्यानंतर गल्लीत ते पुन्हा मुकेच झाले. मी कचेरीतून येताना मुद्दाम त्यांच्या दारावरून सायकलची घंटी वाजवत जायची. आतून एकदा खोकल्याचा आवाज आला की मला बरं वाटायचं.

एका थंडीत दोन दिवसांच्या तापानं ते गेले. लेक पोचली तेव्हा सगळं आटोपलं होतं, गाडीला उशीर झाला होता. तिसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडे गेले. अंगणात मंजू उभी होती. अकरा वर्षांची, उंच, दात सगळे आलेले. दोरी अजून होती, तिच्या गळ्यापाशी येत होती.

तिनं हळूच विचारलं, "मावशी, त्या पिक्चरला तुम्ही होता ना मागं? आजोबांनी लिहिलं होतं, तो गेला नाही म्हणून. सच में तसंच होतं?"

"तसंच होतं," मी म्हटलं. "मी स्वतः रुजवात घेतली आहे."

तिनं मान हलवली आणि दोरीखालून वाकून आत गेली.