डाव्या बुटातलं बिऱ्हाड

टेक्सासमधल्या शुगर लँडला येऊन आम्हाला आता जन्म लोटला, पण बाहेरचे बूट घरात आणायचे नाहीत हा नियम मी काही सोडला नाही. मागच्या पोर्चवर त्यासाठी रॅक आहे. बायपास झाल्यापासून नवऱ्याचे चालायचे बूट तिथे नुसते धूळ खात पडले होते. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं होतं, पण हे छातीवर हात ठेवून "उद्या बघू" म्हणायचे आणि सोफ्यावर बसायचे. त्यांना भीती वाटत होती, आणि त्यांना घाबरलेलं बघून मला.

मार्चमध्ये एका सकाळी डाव्या बुटातून वाळकी पानं बाहेर आलेली दिसली. झटकायला गेले, तर कुंपणावरून कुणीतरी मला चक्क दटावलं. नारळ संपल्यावर खवणी करवंटीवर घासली जाते, तसला आवाज. बघते तर मुठीएवढा तपकिरी पक्षी, शेपटी ताठ. लेकीला फोनवर तो आवाज ऐकवला.

"आई, दॅट्स अ रेन. डोन्ट टच द शू," ती म्हणाली. रेन म्हणजे इथला चिमणीएवढा पक्षी, मिळेल त्या खोबणीत घरटं करणारा.

"अहो, तुमच्या बुटात बिऱ्हाड आलंय," मी यांना सांगितलं. हे आपणहून उठले आणि त्या दिवसापासून पोर्चवर खुर्ची टाकून बसू लागले. नर तोच तीन सुरांचा तुकडा घोळवून घोळवून गायचा, एवढ्याशा जिवाला न शोभणाऱ्या आवाजात. मादी मध्येच डब्यात डाळ हलवल्यासारखी किरकिरायची.

"म्हणजे हा गातो आणि ती टोकते," हे म्हणाले.

"बरोबर ओळखलंत."

कितीतरी दिवसांनी ते मोठ्याने हसले.

पुढे पिल्लं झाली. एका दुपारी ती करवंटीची खरखर सुरू झाली ती थांबेचना. मी स्वयंपाकघरातून बाहेर येईपर्यंत हे माझ्याच स्लिपर घालून शेजाऱ्यांच्या मांजरामागे पार कुंपणापर्यंत धावले होते. कुंपणाला टेकून धापा टाकत होते, हात छातीवर. मी धावत त्यांच्यापाशी गेले.

"दुखतंय का?"

त्यांनी जरा वेळ अंदाज घेतला. "नाही गं. काहीच नाही."

पिल्लं उडून गेल्यावर मी बूट धुवायला घेतले, तर हे गाडीची किल्ली घेऊन दाराशी उभे.

"ते राहू देत, त्यांना परत लागतील," म्हणाले. "मला नवे घेऊ या. आत्ताच चल, संध्याकाळी चालायला जायचंय."