साळवेकाकांचा दुसरा नकाशा

गुडघ्यांमुळे साळवेकाकू गेली पाच-सहा वर्षं जिना चढल्या नव्हत्या. त्यामुळे त्या दुपारी दार उघडल्यावर कठड्याला धरून, धापा टाकत उभ्या असलेल्या काकू दिसल्या, तेव्हा त्या काही बोलायच्या आधीच मला कळलं. "जेवून पडले होते… चहाला उठवायला गेले तर…" एवढंच त्या म्हणाल्या. त्यांचा हात धरून मी खाली आले. काका नेहमीसारखे कुशीवर झोपलेले, चष्मा घडी करून उशाशी ठेवलेला. वय त्र्याऐंशी. दुखणं नाही, हॉस्पिटल नाही, कुणाला धावपळ करायला लावणं नाही. आज सहा आठवड्यांनी लिहायला बसले आहे. वाईट वाटतंच, पण त्याहून जास्त वाटतं ते हे, की असा शेजार वीस वर्षं मिळाला. आणि तो मिळाला कसा, तर मी त्यांच्या घरात पाणी सोडलं म्हणून.

आम्ही धायरीत फ्लॅट घेतला तेव्हा धायरी अजून निम्मी गावच होती. समोर ज्वारीचं शेत, मागे अर्धवट बांधलेल्या इमारती. सॉफ्टवेअर कंपन्यांत भराभर भरती चालू होती. नवरा एका प्रोजेक्टसाठी अमेरिकेत, मी हिंजवडीला, आणि दोन वर्षांची सई पाळणाघरात. खालच्या मजल्यावर एक निवृत्त गृहस्थ राहतात, पाटबंधारे खात्यात आरेखक होते, म्हणजे धरणांचे आणि कालव्यांचे नकाशे काढायचे, एवढंच मला माहीत होतं. जिन्यात भेटलो की मान हलवायची, संपलं.

एका बुधवारी अकराच्या सुमारास ऑफिसात फोन आला. "मी खालचा साळवे बोलतोय. आपल्या घरचं पाणी आमच्याकडे आलंय. आपणही आलात तर बरं होईल." आवाज इतका शांत होता की प्रकरण किती मोठं आहे ते मला रस्त्यात अर्धं अंतर तोडल्यावर समजलं. बेसिनखालचा कनेक्शन पाइप फुटला होता. सकाळी टाकी भरल्याबरोबर त्याला जोर आला असणार. पाणी बाथरूममधून पॅसेजमध्ये, तिथून दोन्ही खोल्यांत गेलं आणि मग स्लॅबमधून झिरपत, पंख्याच्या हुकावरून आणि दिव्याच्या होल्डरमधून साळवेंच्या घरात उतरलं. काकांनी पहिल्यांदा स्वतःचा मेन स्विच बंद केला आणि वॉचमनला गच्चीवर पाठवलं. पण गच्चीवर टाकीपासून निघालेले आठ पाइप, आठ कॉक आणि कुठला कुणाचा हे कुणालाच ठाऊक नाही. वॉचमन एकेक कॉक फिरवत गेला. अख्खी बिल्डिंग कोरडी पडली तेव्हा माझं पाणी थांबलं.

मी पोचले तर माझं दार उघडं होतं. सेक्रेटरीकडच्या किल्लीने काढलेलं. आत काका पँट गुडघ्यापर्यंत दुमडून वायपरने पाणी मोरीकडे ढकलत होते आणि काकू भिजलेली गादी उभी करून भिंतीला टेकवत होत्या. प्लायवूडचा पलंग फुगला होता. सईचे रंगीत ठोकळे सोफ्याखाली तरंगत होते. मला रडू फुटलं. काका म्हणाले, "रडू नंतर. आधी तो कोपरा घ्या, तिथे उतार उलटा दिलाय बिल्डरने." तासाभराने फरशी दिसायला लागली, तेव्हा कुठे मला विचारायचं सुचलं की तुमच्याकडे काय नुकसान झालं? ते म्हणाले, "विशेष काही नाही. थोडे कागद होते टेबलावर." मी खाली जाऊन छत बघितलं, त्यावरचा मोठा तपकिरी डाग बघितला, दहा वेळा माफी मागितली. टेबल पुसून स्वच्छ केलेलं होतं. कागद दिसले नाहीत, मीही विचारलं नाही.

पुढच्या रविवारी काका फुटपट्टी, पेन्सिल आणि एक मोठा कागद घेऊन दारात हजर. बिल्डिंगच्या नळांचा नकाशा करायचा म्हणाले. तो बिल्डरकडे नव्हता, सोसायटीकडे नव्हता, आणि प्लंबरकडे असल्याचा तर प्रश्नच नव्हता. मी गच्चीवर कॉक बंद करायचा, त्यांनी घराघरांत जाऊन कुठला नळ बंद झाला ते बघायचं. मोबाइल तेव्हा नवीन होते, बोलायला जिवावर यायचं, म्हणून ठरलं की एक मिस्ड कॉल म्हणजे पाणी थांबलं, दोन म्हणजे चालूच आहे. तीन रविवार आम्ही हा उद्योग केला. तिसऱ्या मजल्यावरच्या देशपांडेआजोबांनी काकांना विचारलं की हे करायला आपल्याला कुणी सांगितलंय? काका म्हणाले, "छताने." शेवटी जिन्याखाली इतका देखणा नकाशा लागला की लोक थांबून बघायचे. प्रत्येक कॉकला पत्र्याचा बिल्ला, बिल्ल्यावर फ्लॅटचा नंबर, सुबक सरकारी अक्षरात. सई ऑफिसच्या वेळात काकूंकडे कधीपासून राहायला लागली ते मला आठवत नाही. बहुधा त्या तीन रविवारांतच ते ठरून गेलं.

चार-पाच महिन्यांनी काकू गाद्या उन्हात टाकत होत्या. मी मदतीला गेले तर त्यांनी गादीखालून एक मोठा, वेडावाकडा झालेला कागद काढला आणि पलंगावर पसरला. "ह्यांना सांगू नकोस मी दाखवला म्हणून," त्या म्हणाल्या. तो काकांच्या गावाचा नकाशा होता. काका पंचविशीचे असताना ते गाव धरणात गेलं. खात्यात नुकतेच लागले होते, आणि बुडीत क्षेत्राची रेषा ज्या कागदावर शाईने गिरवायची तो कागद त्यांच्याच टेबलावर आला होता. त्यांनी ती गिरवली. घरी येऊन दोन दिवस जेवले नाहीत, असं काकू म्हणाल्या. निवृत्त झाल्यावर चार वर्षं बसून त्यांनी आठवणीतून सगळं गाव पुन्हा काढलं होतं. आळ्या, घरं, झाडं, पार, बौद्धवाडा… त्या बुधवारी नकाशा टेबलावर होता. घरांच्या काळ्या चौकटी ड्रॉइंगच्या शाईतल्या, त्या टिकल्या. प्रत्येक चौकटीत पेनने लिहिलेली माणसांची नावं मात्र पसरून निळे डाग झाले होते.

काकूंनी सांगू नकोस म्हटलं होतं, पण मला राहवेना. संध्याकाळी मी काकांसमोर जाऊन बसले. नकाशा पाहिल्याचं सांगितलं आणि पुन्हा माफी मागितली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "धरणाच्या वेळी खात्याने आम्हाला नोटीस तरी दिली होती. तुम्ही तीही दिली नाहीत." मी खाली मान घातली. वर बघितलं तर ते हसत होते. मला म्हणाले की नावं आता त्यांनाही सगळी आठवत नाहीत, त्यामुळे नकाशा पुन्हा काढायचा तर माणसांना विचारावं लागेल, आणि माणसं तर कुठे कुठे पांगली आहेत. मी म्हटलं, जाऊ आपण. गाडी नुकतीच घेतली होती, चालवायला भीती वाटायची. तरी म्हटलं.

आधी आम्ही मांजरीला गेलो. गावातली तीन-चार कुटुंबं तिकडे उसाच्या कामावर आली आणि तिथलीच झाली. हौसाबाई काकांच्या लहानपणची शेजारीण, त्यांच्याहून पाच-सहा वर्षांनी धाकटी. अंगणात सतरंजीवर कच्चा नकाशा पसरला आणि बाई त्यावर ओणवी झाली. भराभर नावं सांगत गेली, कुणाची म्हैस कुठे बांधलेली असायची तेही सांगितलं. मग एकदम थांबून म्हणाली, "दादा, सगळं हाय, पण आपला झिरा कुठं हाय?"

काकांनी पेन्सिल खाली ठेवली. मला झिरा म्हणजे काय ते माहीत नव्हतं. हौसाबाईंनीच सांगितलं. गावाच्या विहिरीवर बौद्धवाड्यातल्या माणसांना जायची मुभा नव्हती. म्हणून नदीच्या वाळूत हातभर खड्डा करायचा, त्यात हळूहळू पाणी पाझरतं, ते वाटीने भरून घ्यायचं. एक हंडा भरायला अर्धी सकाळ जायची. काकांची आई पहाटेच जाऊन बसायची. परत येताना हडपसरला सिग्नलपाशी गाडी थांबली. मग काका म्हणाले, "मी विसरलो नव्हतो. सर्व्हेच्या नकाशात नव्हता, म्हणून काढला नाही." थोड्या वेळाने म्हणाले, "तेहतीस वर्षं पाण्याचे नकाशे काढले गं… आणि आईचं पाणी सोडून दिलं." त्या दिवशी पहिल्यांदा ते मला 'गं' म्हणाले. पुढे कायम तूच म्हणत राहिले.

दुसऱ्या नकाशाला दोन वर्षं लागली. आम्ही पुनर्वसनाच्या गावी जाऊन आलो, कसब्यात राहणाऱ्या गावच्या जुन्या शिक्षकांना भेटलो. त्यांनी वरच्या आळीतली सगळी घरं सांगितली आणि विहिरीशी येऊन जरा घुटमळले. काकांनी विहीर काढली, तिच्यावर कोण पाणी भरायचं ते लिहिलं. नदीत झिरा काढला, तिथे कोण भरायचं तेही लिहिलं. दोन्ही नोंदी एकाच आकाराच्या अक्षरात. शिक्षकांना दाखवला तेव्हा ते बराच वेळ बघत बसले आणि म्हणाले, "बरोबर आहे, साळवे." त्या दिवशी घरी आल्यावर काकांनी स्वतः चहा केला. मी बघितलेल्या काकांपैकी सगळ्यांत खूश काका त्या दिवशीचे. नावं लिहायच्या वेळी मी शाईची बाटली उचलून बघितली, तर म्हणाले, "वॉटरप्रूफ आहे. वर तू राहतेस."

मग मी तो कॉम्प्युटरवर घेतला, मोठ्या छपाया करून आणल्या आणि पन्नासेक घरांत त्या गेल्या. लोक फोन करून चुका सांगायचे. काका दुरुस्त करायचे, कुरकुरायचे, आणि मनातून त्यांना फार बरं वाटायचं. अस्सल प्रत त्यांच्या खोलीत, पलंगासमोरच्या भिंतीवर लागली. पुढची सगळी वर्षं गावची माणसं धायरीत आली की आधी त्या खोलीत जायची आणि मग पाणी प्यायची.

काका गेल्यावरच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी बुद्धवंदना झाली, खिरीचं जेवण झालं, आणि माणसं एकेक करून त्या खोलीत जायला लागली. काकांचा मुलगा मिलिंद बंगलोरहून आला होता. त्याने पाहिलं की नदीपाशी कागद बोटं लावून लावून काळवंडलाय, झिऱ्याची खूण जेमतेम दिसते आहे. तो आईला म्हणाला की ह्याला आता काचेची फ्रेम करून घेऊ, नाहीतर टिकायचा नाही. काकू खुर्चीतून म्हणाल्या, "नको. काचेवर बोट ठेवून कुणाला काय कळणार?"

तेवढ्यात नातवाच्या आधाराने हौसाबाई आत आल्या. डोळ्यांनी आता फारसं दिसत नाही त्यांना. मी त्यांना भिंतीपाशी नेलं, हात धरून नदीकडे नेणार होते. पण त्यांनी माझा हात हलकेच बाजूला केला, बोट कागदावरून चाचपत खाली आणलं आणि त्या काळ्या झालेल्या जागी ठेवून कितीतरी वेळ तशाच उभ्या राहिल्या.